'दिवास्वप्न' ते कुरणशाळा : विद्यार्थीकेंद्री अध्यापनदृष्टी आणि साहित्याचा वर्ग

१. प्रास्ताविक

'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' ही संज्ञा मराठी शैक्षणिक लेखनात आता इतकी रुळली आहे की, ती उच्चारताच तिचा अर्थही कळला असे गृहीत धरले जाते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान हे विद्यार्थ्याने स्वतः रचावयाचे असते, या विचाराला मध्यवर्ती स्थान दिले आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द महाराष्ट्रातील शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्वतोमुखी झाला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून व बालककेंद्री रीतीने शिक्षण व्हावे, तसेच व्यवहार्य असेल तेथवर बालकाची मातृभाषा हे माध्यम असावे, अशी अपेक्षा नोंदविली आहे. धोरण आणि कायदा या दोन्ही पातळ्यांवर संकल्पना मान्य झाली, असा याचा अर्थ होतो. प्रत्यक्ष वर्गात मात्र तिच्याविषयी काही गैरसमज कायम असल्याचे दिसते.

पहिला गैरसमज असा की, विद्यार्थीकेंद्री अध्यापन म्हणजे शिक्षकाने मागे सरणे. दुसरा असा की, ते म्हणजे खेळ, गाणी, तक्ते, साधने यांची रेलचेल. तिसरा गैरसमज विशेषतः महाविद्यालयीन अध्यापकांमध्ये आढळतो. ही बाब बालवाडीपुरती ठीक आहे, पदवी व पदव्युत्तर स्तरावर तिचे प्रयोजन नाही, असे तेथे मानले जाते. या तिन्ही समजुतींमागे एक मूळ प्रश्न अनुत्तरित राहिलेला असतो. वर्गात पुढचे पाऊल कोणते टाकावयाचे, हे कशावरून ठरते? पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या पानावरून, वेळापत्रकावरून, की विद्यार्थ्याने दिलेल्या प्रतिसादावरून? केंद्र कोठे आहे, याचा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने दोन गोष्टींचा विचार केला आहे. एक, गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे मूळ गुजराती कथनात्मक पुस्तक. दोन, गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि त्यांच्यासमवेत काम करणाऱ्या अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे उभे केलेले कार्य. या दोहोंतून हाती येणारे सूत्र साहित्याच्या महाविद्यालयीन वर्गाला कितपत लागू पडते, याची चर्चा अखेरच्या भागात केली आहे.

२. विचाराची पूर्वपीठिका

शिक्षणाचे केंद्र बदलले पाहिजे, हा विचार पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रात जॉन ड्यूई यांनी १८९९ मधील 'द स्कूल अँड सोसायटी' या ग्रंथात ठामपणे मांडला. कोपर्निकसने खगोलशास्त्राचे केंद्र हलविले, तशी उलथापालथ त्यांना शिक्षणात अभिप्रेत होती. पुढे १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि मुलाच्या निरीक्षणावर आधारलेली पद्धती सिद्ध केली. गिजुभाई व ताराबाई यांच्यावर माँटेसरींचा प्रभाव होता, हे सर्वश्रुत आहे.

तथापि हा विचार केवळ आयात झाला, असे मानणे एकांगी ठरेल. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न उपस्थित केला होता. मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, प्राथमिक इतिहास-भूगोल यांबरोबर शेती व आरोग्य यांचे व्यावहारिक ज्ञान त्यांना अभ्यासक्रमात हवे होते. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावा, अशीही त्यांची अपेक्षा होती. मुलाच्या जगण्याशी शाळेने नाते जोडावे, हे त्यामागील तत्त्व होय. त्याही मागे गेल्यास, म्हाइंभटाने संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचे निरूपण अनेकदा शिष्यांच्या प्रश्नातून वा प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगातून सुरू होताना दिसते. महदाइसेसारखी शिष्या वारंवार प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नांमुळे निरूपणाला दिशा मिळते. गुरूच्या अधिकाराला तेथे बाध येत नाही. मात्र तो अधिकार ऐकणाऱ्याच्या जिज्ञासेशी बांधलेला आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातील या ग्रंथात अध्यापनाचे संवादरूप असे नोंदले गेले आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

३. 'दिवास्वप्न' : गोंगाटाचे वाचन

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे मूळचे वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. 'दिवास्वप्न' हे त्यांचे पुस्तक १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. पुस्तकाचा निवेदक एक कल्पित शिक्षक आहे. शिक्षणविषयक वाचन व चिंतन केलेला हा गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रत्यक्ष अनुभवासाठी प्राथमिक शाळेतील एक वर्ग मागतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. वर्षअखेरीस परीक्षा व्हावयाची आहे, याची जाणीवही त्याला करून दिली जाते. पुढील वर्षभराचे कथन प्रथमपुरुषी निवेदनातून येते.

या कथनाचे मर्म त्याच्या पहिल्या दिवसात आहे. शिक्षक टिपणे काढून, योजना आखून वर्गात येतो. शांततेचा खेळ घ्यावा, असे त्याने ठरविले आहे. दारे-खिडक्या बंद करून मुलांनी स्तब्ध बसावे आणि शांततेचा अनुभव घ्यावा, ही कल्पना पुस्तकी दृष्टीने निर्दोष आहे. मुले मात्र हसू लागतात, एकमेकांना ढकलतात, चित्रविचित्र आवाज काढतात. योजना पार कोसळते आणि शिक्षक मुलांना सोडून देतो. बाहेर पडणाऱ्या मुलांच्या आरडाओरड्याने सारी शाळा दणाणते. साहजिकच त्याला बोल लावले जातात.

नव्या पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक त्या पद्धतीच्याच एका उपक्रमाच्या फजितीने सुरू व्हावे, यात गिजुभाईंच्या विचाराची खोली दिसते. शांततेचा खेळ ही माँटेसरी पद्धतीतील मान्यवर कृती आहे. ती येथे फसते, कारण ती या मुलांकडे पाहून निवडलेली नाही. शिक्षकाच्या वाचनातून ती वर्गात आली आहे. साधन बालककेंद्री आणि निर्णय मात्र ग्रंथकेंद्री, असा हा विरोध आहे. शिक्षक घरी गेल्यावर या गोंगाटाचा विचार करतो आणि गोंगाट हे मुलांनी दिलेले उत्तर आहे, हे त्याला उमगते. ज्यांना आजवर दटावणीखेरीज काही मिळालेले नाही, त्यांना आरंभीच शांतता मागणे चुकीचे होते.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. तीच मुले जवळ सरकतात, ऐकतात, सुटीची घंटा होऊनही हलावयास तयार होत नाहीत. गोष्ट कित्येक दिवस चालते. सहकारी शिक्षक थट्टा करतात, अधिकारी विचारतात की प्रत्यक्ष शिकविणे केव्हा सुरू होणार. शिक्षकाची भूमिका अशी की, ते सुरू झालेलेच आहे. गोष्टीच्या ओढीने वर्गाला बसण्याची शिस्त येते, शब्दसंपत्ती वाढते, वाचनाची भूक निर्माण होते. या भुकेतून पुढे वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे राहते, म्हणजे ग्रंथालयाआधी गरज निर्माण होते आणि नंतर पुस्तके येतात. व्याकरणाचेही तसेच. नाम, विशेषण, क्रियापद यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी शब्दांशी खेळता खेळता मुले त्यांचे कार्य ओळखू लागतात आणि पारिभाषिक नाव त्यानंतर येते. अनुभव आधी आणि संज्ञा नंतर, हा क्रम संपूर्ण पुस्तकात पाळलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. 'दिवास्वप्ना'तील शिक्षक कोठेही मागे सरत नाही. पारंपरिक शिक्षकापेक्षा त्याची तयारी अधिक आहे, कारण पाठाबरोबर वर्गाचाही अभ्यास त्याला करावा लागतो. मुलांची नखे, टोप्या, सदऱ्यांच्या तुटलेल्या गुंड्या यांपासून त्यांच्या भांडणांपर्यंत सारे काही तो पाहतो. खेळताना भांडणे झाली आणि तक्रारी आल्या, तरी तो खेळ बंद करीत नाही. खेळाच्या नियमांविषयी मुलांशी बोलतो. स्वातंत्र्य आणि नियमन यांचा हा तोल सांभाळणे, हे शिक्षकाच्या अधिकाराचेच काम आहे.

४. 'दिवास्वप्ना'च्या मर्यादा

या पुस्तकाचे गौरवीकरण करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष होणे इष्ट नाही. पहिली मर्यादा कथनरूपाची आहे. निवेदक स्वतः शिक्षक असल्यामुळे विद्यार्थी सर्वत्र त्याच्याच नजरेतून दिसतात. मुले बोलतात, परंतु त्यांच्या मनात या प्रयोगाविषयी काय चालले आहे, हे वाचकाला क्वचितच कळते. विद्यार्थी केंद्रस्थानी असलेल्या पुस्तकात कथनाचे केंद्र शिक्षकच असावा, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. हा शिक्षक बाहेरून आलेला असून त्याला अधिकाऱ्याची संमती आहे. शेजारच्या वर्गातील शिक्षकाला ही मोकळीक नाही. त्याच्यावर निकालाचे दडपण आहे, बदलीची टांगती तलवार आहे आणि कुटुंबाचा भार आहे. त्याने केलेली थट्टा कथनात थोडी उणेपणाची ठरते. वास्तविक तिच्यामागे व्यवस्थेने आलेली हतबलताही असू शकते. पुस्तकाचे शीर्षकच 'दिवास्वप्न' आहे, याचा अर्थ लेखकालाही या अंतराची जाणीव होती, असे मानावयास जागा आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. 'दिवास्वप्ना'तील मुले गोंगाट करतात, पण ती वर्गात आलेली आहेत. शिक्षकाला त्यांचा प्रतिसाद वाचता येतो, कारण ती समोर आहेत. जी मुले शाळेत येतच नाहीत, त्यांचे काय? या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे महाराष्ट्रात झाला.

५. कोसबाड : गैरहजेरीचे वाचन

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. शहरी मध्यमवर्गीय मुलांसाठी ही पद्धती रुजू लागली होती. तथापि खेड्यातील गरीब मुलांपर्यंत ती पोहोचत नाही आणि माँटेसरी साधनांचा खर्च त्या मुलांच्या शाळांना पेलणारा नाही, ही अडचण त्यांना जाणवत होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड येथे हलले. ही दोन्ही गावे डहाणू तालुक्यात असून तो पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

या परिसराची सामाजिक स्थिती समजून घेतल्याखेरीज या प्रयोगाचे मोल कळत नाही. ज्या १९४५ मध्ये बोर्डीचे केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी याच पट्ट्यातील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात त्या लढ्याचे आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या लग्नगड्यांच्या जिण्याचे चित्रण आले आहे. अशा घरांतील मूल गुरे-शेळ्या राखते, लाकूडफाटा गोळा करते, धाकट्या भावंडांना सांभाळते. शाळेची वेळ आणि त्याच्या कामाची वेळ एकच असते. शाळा भरते तेव्हा ते रानात असते.

रूढ व्यवस्थेच्या लेखी हे मूल 'गैरहजर' ठरते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असा शेरा मारून विषय संपतो. ताराबाई आणि अनुताई यांनी ही गैरहजेरी वेगळ्या रीतीने वाचली. मूल येत नसेल, तर शाळेची जागा आणि वेळ चुकली आहे, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. त्यातून दोन रूपे सिद्ध झाली. मूल पाड्यातून बाहेर पडत नाही, म्हणून शिक्षिकेने पाड्यावर जाऊन अंगणात वर्ग भरवावा, ही झाली अंगणवाडी. मूल गुरांमागे कुरणात जाते, म्हणून शिक्षकाने कुरणात जावे आणि गुरे चरत असताना शिकवावे, ही झाली कुरणशाळा. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर गेला. 'कुरणशाळा' हा शब्द मात्र त्या मानाने अभ्यासकांपुरताच राहिला.

थोरल्या बहिणीची अडचण आणखी निराळी होती. कडेवरचे मूल कोठे ठेवावयाचे, हा तिचा प्रश्न. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या विकासवाडीच्या कल्पनेत त्याचे उत्तर होते. धाकटे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली शाळेत, अशी ही रचना. एका मुलीच्या शिकण्याची अट तिच्या भावंडाची सोय ही आहे, हे ज्याने ओळखले, त्यानेच विद्यार्थीकेंद्री या विशेषणाचा अर्थ ओळखला, असे म्हणावे लागेल.

साधनांच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. आयात केलेल्या महागड्या संचाऐवजी खडे, शंखशिंपले, बिया, पाने, फुले अशा परिसरातील वस्तू वापरात आल्या. याचे कारण केवळ काटकसर नव्हे. कुरणात वाढणाऱ्या मुलाला बियांचे आकार, पानांच्या जाती, गुरांची मोजदाद यांचे ज्ञान आधीपासूनच असते. साधन ओळखीचे असले की, मूल वर्गात अज्ञानी म्हणून प्रवेश करीत नाही.

भाषेच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. वारली बोली मराठी व गुजराती यांच्या सीमाप्रदेशातील बोली आहे. घरी ती बोलणाऱ्या मुलासमोर पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी जवळजवळ परकी भाषा म्हणून उभी राहते. अशा वेळी मुलाचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. बोलीपासून प्रमाणभाषेकडे नेणारा पूल बांधणे, हे बालशिक्षणाचे काम आहे. तो बांधावयाचा तर प्रथम बोलीला वर्गात बसावयास जागा दिली पाहिजे. मराठीच्या प्राध्यापकाने हा प्रश्न शिक्षणशास्त्राकडे सोपवून मोकळे होणे योग्य नाही, कारण हीच मुले पुढे पदवीच्या वर्गात त्याच्यासमोर येऊन बसतात, किंवा येऊ शकत नाहीत.

६. साहित्याचा वर्ग : मौनाचे वाचन

महाविद्यालयातील मराठीच्या वर्गात ना गोंगाट असतो, ना (निदान हजेरीपटावर) फारशी गैरहजेरी. तेथे मौन असते. अध्यापक कविता वाचतात, अर्थ सांगतात, वैशिष्ट्ये क्रमवार उतरवून देतात. विद्यार्थी लिहून घेतात. 'काही शंका?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. परीक्षेत तीच वैशिष्ट्ये त्याच क्रमाने परत येतात. या मौनाला सर्वसाधारणपणे समज किंवा औदासीन्य यांपैकी एक नाव दिले जाते. 'दिवास्वप्न' आणि कोसबाड यांच्या अनुभवाच्या उजेडात ते एक उत्तर म्हणून वाचता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात बालकवींची 'औदुंबर' ही कविता उदाहरणादाखल घेता येते. अवघ्या आठ ओळींच्या या कवितेने मराठी समीक्षकांच्या कित्येक पिढ्यांना विचारप्रवृत्त केले आहे. ते निसर्गचित्र आहे, उदासीनतेचे प्रतीक आहे, की विरक्तीचे, याविषयी एकमत झालेले नाही. वर्गात मात्र मार्गदर्शकातील एक अर्थ अंतिम म्हणून सांगितला जातो. येथे विद्यार्थ्यावर तर अन्याय होतोच, पण विषयावरही होतो. ज्या कृतीचे जीवनच अनेकार्थतेत आहे, तिचा एकच अर्थ शिकविणे म्हणजे तिच्याविषयी चुकीची माहिती देणे होय. म्हणून साहित्याच्या बाबतीत विद्यार्थीकेंद्री अध्यापन ही विद्यार्थ्याला दिलेली सवलत नव्हे. साहित्याचे स्वरूपच त्याची मागणी करते. वाचकाविना कविता पूर्ण होत नाही आणि वर्गात वाचक म्हणून विद्यार्थी बसलेले असतात.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांचे. लेवा बोलीतील ही गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुणे-मुंबईकडील वर्गात त्यांतील 'घरोट' या शब्दासाठी तळटीप द्यावी लागते. जळगाव परिसरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी आजी हा शब्द सहज उच्चारीत असण्याची शक्यता आहे. वर्गात असा एखादा विद्यार्थी असेल, तर त्या तासापुरता तो शब्दकोश ठरतो. एरवी आपल्या उच्चारांमुळे संकोचून मागच्या बाकावर बसणारा हा विद्यार्थी प्रथमच अधिकाराने बोलू शकतो. मात्र अध्यापकाने विचारले तरच हे घडते. अर्थ आधीच फळ्यावर लिहून टाकला, तर ती संधी हुकते.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. त्या कवितेतील जग आणि शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे तेंडुलकर तेथे लपवीत नाहीत आणि न कळलेल्या शब्दांविषयी कवीकडे विचारणा करतात. एक मान्यवर नाटककार प्रस्तावनेत जिज्ञासूच्या भूमिकेत उभा राहतो, ही गोष्ट अध्यापकासाठी बोलकी आहे. दलित, आदिवासी व ग्रामीण साहित्य अभ्यासक्रमात आल्यानंतर अनेकदा असे घडते की, कृतीतील अनुभवविश्व अध्यापकापेक्षा विद्यार्थ्याला अधिक जवळचे असते. अशा वेळी अध्यापकाचे काम संपत नाही. अनुभव असणे आणि त्या अनुभवाचे साहित्यकृतीत झालेले रूपांतर ओळखणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. रचना, निवेदन, प्रतिमा, परंपरा यांचे भान अध्यापकाने द्यावयाचे असते. विद्यार्थ्याच्या अनुभवाची भर आणि अध्यापकाची शास्त्रीय दृष्टी यांच्या भेटीतून अर्थ घडतो. त्याबरोबरच, अनुभव सांगण्याची सक्ती विद्यार्थ्यावर होता कामा नये, हे पथ्यही पाळावयास हवे. एखाद्या समाजातून आला म्हणून त्याला त्या समाजाचा साक्षीदार म्हणून उभे करणे, हा केंद्रस्थानी आणण्याचा मार्ग नव्हे.

कार्यपद्धतीच्या दृष्टीने काही साधे बदल सुचविता येतात. कवितेचे पहिले वाचन अर्थनिरूपणाविना व्हावे. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्याविषयी एक प्रश्न कागदावर लिहावा आणि नाव लिहिण्याची सक्ती नसावी. अध्यापकाने ते प्रश्न वाचून, गटवारी करून पुढील तासाचे व्याख्यान त्यांवर बांधावे. बोलण्यास धजत नसलेला विद्यार्थी लिहू शकतो. एकदा आपला प्रश्न व्याख्यानाचा आरंभ झालेला पाहिला की, तो पुढे बोलूही लागतो. समीक्षकांची मते यानंतर यावीत, म्हणजे ती पाठ करावयाची उत्तरे न राहता चालू चर्चेतील सहभागी ठरतील. अनुभव आधी आणि संज्ञा नंतर, हा 'दिवास्वप्ना'तील क्रम पदव्युत्तर वर्गातही असा पाळता येतो.

७. आक्षेपांचा विचार

या मांडणीवर काही रास्त आक्षेप संभवतात. वर्गात विद्यार्थी फार आणि तास थोडे, अभ्यासक्रम पुरा करावयाचा कसा, हा पहिला. ही अडचण खरी आहे. परंतु 'अभ्यासक्रम पुरा झाला' याचा अर्थ अध्यापकाने सांगून संपविला, असा घेतला जातो. विद्यार्थ्याकडून तो वाचून झाला की नाही, याची विचारणा होत नाही. एका संग्रहातील चार कविता खोलवर वाचल्या, तर उरलेल्या वाचण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या अंगी येते. सर्व कवितांची टिपणे उतरवून घेतल्याने ती येत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. 'दिवास्वप्ना'तील शिक्षकाने परीक्षा नाकारलेली नाही, ती मान्य करून वर्षभर काम केले आहे, हे येथे स्मरणीय आहे. विद्यार्थीकेंद्री अध्यापन परीक्षेला पर्याय शोधत बसत नाही. परीक्षेसाठी जगणे मात्र नाकारते. तरीही प्रश्नपत्रिका जोवर वैशिष्ट्यांची यादी मागते, तोवर वर्गातील संवादावर तिची सावली पडणारच. प्रश्नपत्रिका काढणारे अध्यापकच असतात. अभ्यासक्रमाबाहेरील एखादी अपरिचित कविता देऊन तिचे स्वतंत्र आकलन मागणारा एक प्रश्न जरी नियमितपणे आला, तरी वर्गातील वाचनाचे वळण पालटू शकेल.

तिसरा आक्षेप असा की, प्रत्येकाचे मत स्वीकारल्याने ज्ञानाचा दर्जा ढासळतो. प्रतिसाद ऐकणे आणि प्रतिसाद बरोबर ठरविणे, यांत येथे गल्लत होते. विद्यार्थ्याचा अन्वयार्थ संहितेच्या आधारावर तपासला गेला पाहिजे आणि तो टिकत नसेल, तर तसे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याच्या वाचनाला गंभीरपणे घेण्याची तीच रीत आहे. ऐकून न घेता दिलेली मान्यता हीसुद्धा उपेक्षाच असते.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, विद्यार्थीकेंद्री अध्यापनाची ओळख साधनांवरून वा उपक्रमांवरून होत नाही. अध्यापनातील पुढचे पाऊल विद्यार्थ्याच्या प्रतिसादावरून ठरते की नाही, ही तिची खूण होय. दोन, हा प्रतिसाद नेहमी शब्दांत येत नाही. 'दिवास्वप्ना'त तो गोंगाट होऊन येतो, कोसबाडच्या परिसरात गैरहजेरी होऊन, तर महाविद्यालयीन वर्गात मौन होऊन. तीन, तो वाचण्यासाठी शिक्षकाला अधिक अभ्यास आणि अधिक तयारी लागते. त्याच्या अधिकाराला यामुळे उणेपणा येत नाही, त्याचे स्वरूप तेवढे पालटते. चार, साहित्यकृतीच्या अनेकार्थी स्वरूपामुळे साहित्याच्या वर्गात ही दृष्टी ऐच्छिक राहत नाही, ती विषयाच्या गाभ्यातूनच येते.

ताराबाई आणि अनुताई कुरणात गेल्या, तेव्हा तेथे शाळेची इमारत, फळा, बाके यांपैकी काहीही नव्हते. मूल होते आणि त्याच्यापाशी त्याची भाषा होती. महाविद्यालयाच्या वर्गात इमारत, फळा, बाके हे सारे असते. विद्यार्थी आपली भाषा मात्र पुष्कळदा दाराबाहेर ठेवून आत येतो. ती आत आणावयास त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम मराठीच्या अध्यापकाचे आहे आणि त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.